डावरीची हजेरी

१

सकाळी सहाच्या ठोक्याला झोपायच्या खोलीतून खाली शेडकडे उतरणाऱ्या जिन्यावर रांग लागायची, आणि रांगेतली प्रत्येक बाई आपला अंगठा आपल्याच कपाळावर घासत उभी असायची. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, या सगळ्या मिळून कुणाला तरी सलाम करताहेत. तसं काही नव्हतं. वर्ष-दीड वर्ष बर्फातली कोळंबी सोलली की बोटांवरच्या रेषा पार झिजून जातात, मग भिंतीवरचं हजेरीचं मशीन अंगठा ओळखत नाही. कपाळाचं तेल लागलं की उरल्यासुरल्या रेषा जरा उठून दिसतात. ही युक्ती कुणी शोधली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवीन आलेलीला पहिला आठवडा हसू यायचं, आणि वर्षभरात तीही निमूटपणे कपाळ घासायला लागायची.

मशीन बोलायचं. आवाज गोड, एखाद्या चांगल्या घरच्या मुलीचा असावा तसा. अंगठा जुळला की नंबर सांगून ‘धन्यवाद’ म्हणायचं, नाही जुळला की ‘पुन्हा प्रयत्न करा’. तीनदा नाही जुळला तर त्या दिवसाची हजेरी बुडाली. काम मात्र करायचंच.

“इथे आपल्याला धन्यवाद म्हणणारं हे एवढं एकच आहे गं,” मावशी म्हणायची. “तेवढ्यासाठी तरी अंगठे जपा.” मावशी म्हणजे त्या चव्वेचाळीस जणींत सगळ्यात थोरली. नऊ वर्षं ती इथेच होती, आणि का होती ते तिला कुणी विचारत नसे.

त्या सकाळी मास्तरीण रांगेत पहिली होती. कधीकाळी बालवाडीत शिकवायची म्हणून बायकांनी तिला हे नाव ठेवलं होतं. मशीनच्या लेखी ती सव्वीस. तिच्या कराराची दोन वर्षं पुरी व्हायला अकरा दिवस उरले होते. घरी तिची आई होती आणि मुलगी होती, ती निघाली तेव्हा चार वर्षांची, आता सहाची. शेडच्या बाहेरच्या दाराला कुलूप असायचं आणि सगळ्यांचे ओळखीचे कागद ऑफिसच्या कपाटात. करार संपला, कागद हातात पडला, की फाटक उघडणार, त्याआधी नाही. अकरा दिवस. मास्तरिणीने बोटांवर मोजणं कधीच सोडलं होतं, कारण कुठल्या बोटाला कुठलं बोट लागलं तेच तिला कळायचं नाही.

तिने कपाळ घासलं आणि अंगठा टेकवला.

“एक्केचाळीस,” मशीन म्हणालं. “आपली हजेरी आधीच लागली आहे.”

तिने मागे वळून पाहिलं. तिच्या आधी कुणीच खाली आलेलं नव्हतं. शेडचं जिन्याकडचं दार अजून उघडायचं होतं. तिने अंगठा ॲप्रनला पुसला, पुन्हा कपाळावर घासला, पुन्हा टेकवला. तेच. तिसऱ्यांदाही तेच.

“अगं, चल ना पुढे,” मागून कुणीतरी ढोसलं. ती बाजूला झाली. मागच्या सगळ्यांचे अंगठे एकेक करून जुळले.

२

एक्केचाळीस म्हणजे डावरी. चार महिन्यांपूर्वी ती घरी गेली होती. निदान तसं सांगण्यात आलं होतं.

शेडमध्ये एक लांबलचक स्टीलचं टेबल होतं आणि दोन्ही अंगांना स्टुलं. मास्तरिणीच्या उजव्या हाताला डावरीची जागा, तिच्यापलीकडे बर्फखोलीचं दार. डावरी डाव्या हाताने सोलायची, मास्तरीण उजव्या, त्यामुळे दर दोन-तीन कोळंब्यांमागे दोघींची कोपरं एकमेकींवर आपटायची. सुरुवातीला मास्तरीण वैतागून जायची.

“बाई गं, तू दुसरीकडे बस की!”

“बसेन की. पण दुसरीचं कोपर मऊच निघेल याची काय खात्री?”

पुढे पुढे ते आपटणं अंगवळणी पडलं. इतकंच नाही, हवंसं वाटायला लागलं. आठनंतर बोटं बधिर व्हायची, दहानंतर मनगटं, आणि दुपारपर्यंत हात कुणीतरी उसने आणून खांद्याला लावल्यासारखे वाटायचे. कोपर आपटलं की तेवढं एक कळायचं, की आपण आहोत आणि शेजारी कुणीतरी आहे.

डावरीची दोन वर्षं आधी भरली. त्या दिवशी ती हसत ऑफिसात गेली आणि तासाभराने परत येऊन आपल्या स्टुलावर बसली. “अंगठा जुळत नाहीये. जुळला की सोडतो म्हणाले.” आठवडा गेला, महिना गेला, अंगठा काही जुळेना. घासून घासून तिच्या कपाळाची साल निघाली. एक दिवस ती मास्तरिणीला म्हणाली, “तुला लिहिता येतं. कंपनीच्या मोठ्या ऑफिसला माझ्यासाठी एक अर्ज लिहून दे ना.”

“देते गं. उद्या देते.”

त्या उद्याला उजाडायचं नावच नव्हतं. कागद कुठून आणायचा, मुकादमाच्या हाती लागला तर काय, आपलेही आता थोडेच महिने राहिलेत, कशाला नजरेत यायचं. मास्तरिणीकडे कारणांना तोटा नव्हता. खरं कारण भीती हे होतं, आणि तेही तिला ठाऊक होतं. डावरी रोज विचारायची, मग दिवसाआड विचारायला लागली, मग नुसती बघायची. आणि एका सकाळी तिचं स्टूल रिकामं दिसलं.

“गेली घरी,” तेव्हाचा मुकादम म्हणाला.

मास्तरिणीला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. बर्फखोलीच्या दाराशी कोण बसणार म्हणून ते स्टूल पुढे कुणालाच दिलं गेलं नाही.

३

आताचा मुकादम नवा होता, दोन महिन्यांपूर्वी आलेला. डावरीला त्याने पाहिलंही नव्हतं. तसं त्याने कुणालाच धड पाहिलं नव्हतं. टोपी, मास्क आणि ॲप्रनमध्ये चव्वेचाळीस बायका त्याला सारख्याच. माणूस वाईट नव्हता. शिवी द्यायचा नाही, हात उगारायचा नाही, फक्त कशानेच त्याच्या कपाळावर आठी पडत नसे.

“झिजले असतील अंगठे,” तो जांभई देत म्हणाला. “झिजलेले सगळे सारखेच दिसणार मशीनला.”

“पण ती तर गेलीय ना? तिचा नंबर मशीनमध्ये कसा?”

“काढायचा राहिला असेल.”

“आणि आधीच लागली का म्हणतं? आमच्या आधी तर खाली कुणीच नसतं.”

“ए बाई, मशीन मी बनवलंय का?”

मास्तरिणीला ते पटलं. म्हणजे तिने ते पटवून घेतलं. झिजलेले अंगठे एकसारखे दिसणारच, त्यात काय? पण दुसऱ्या दिवशी अंगठा टेकवताना तिच्या लक्षात आलं, की डावरी डाव्या हाताची. तिने मशीनला डावा अंगठा दिलेला होता. आपण उजवा टेकवतोय. मग तिने डावा टेकवला. एक्केचाळीस. उगीच म्हणून पहिलं बोट टेकवलं. एक्केचाळीस. शेवटी करंगळी. मशीन न कंटाळता त्याच गोड आवाजात सांगत राहिलं, की आपली हजेरी आधीच लागली आहे. मागच्या बायका हसल्या. “मास्तरणे, आता पायाचा अंगठा लावून बघ!” तीही हसली.

रविवारी घरी फोन करायला मिळायचा, नंबरवारीने, तीन-तीन मिनिटं, मुकादम शेजारी बसलेला असताना. सव्वीसची पाळी यायला अकरा वाजायचे.

“आई, तू शाळेत सोडायला येशील ना गं?” मुलीने विचारलं. पुढच्या सोमवारी तिची शाळा सुरू होत होती. “आजी म्हणते येशील. आजी खोटं बोलते का?”

“आजी कशाला खोटं बोलेल? येते ना. पुढच्या रविवारी निघते की नाही बघ.”

“मग मी सगळ्यांना सांगू?”

“सांग.”

फोन ठेवताना मुकादम सहज म्हणाला, “तेवढा अंगठा जुळव हं. त्याशिवाय मला कपाट उघडता येत नाही.” अंगाला थंडी कळेनाशी झाली होती, पण हे कळलं.

४

सोमवारी सकाळी नवाच्या सुमारास मास्तरिणीच्या उजव्या कोपरावर काहीतरी आपटलं.

तिने नेहमीसारखं कोपर आत ओढून घेतलं आणि पुढची कोळंबी उचलली. डोकं मुरगळलं, साल उतरवली, पाठीतला काळा दोरा ओढला. तिसऱ्या कोळंबीला तिच्या ध्यानात आलं, की उजवीकडे कुणी नाही. स्टूल रिकामं होतं. समोर मावशी खाली मान घालून सोलत होती. दहा मिनिटांनी पुन्हा आपटलं, मग लगेच पुन्हा. अगदी ओळखीच्या तालात, दर दोन-तीन कोळंब्यांमागे.

शिरा आखडतात, हात आपोआप उडतो, मास्तरिणीने मनाला सांगितलं. थंडीत काम करणाऱ्यांना होतंच तसं. आणि इतके महिने शेजारी बसलेल्या माणसाची अंगाला सवय होते, ते माणूस उठून गेलं तरी सवय उठून जात नाही. हे सगळं खरंही असेल. पण तिने स्टूल वीतभर डावीकडे सरकवलं, तरीही आपटणं थांबलं नाही.

साडेदहाला खाण्याची सुट्टी असायची, पाऊण घटका म्हणावी तेवढी. सगळ्या वरच्या खोलीत गेल्या. मास्तरीण अर्ध्या जिन्यातून परत फिरली, कारण तिची टोपी टेबलावर राहिली होती. शेडचं दार तिने ढकललं आणि हात दारावरच राहिला.

आतून आवाज येत होता. चट. थोडं थांबून, चट. कोळंबीचं डोकं मुरगळताना होतो तो. चव्वेचाळीस जणी एकदम सोलत असतात तेव्हा तो पावसासारखा ऐकू येतो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. एकट्याचा असा तिने कधी ऐकला नव्हता. चट. चट.

“कोण आहे?” तिने विचारलं.

आवाज थांबला. तिने आत जाऊन पाहिलं तर कुणी नव्हतं. नळ गळत नव्हता, पंखे बंद होते, बर्फखोलीचं दार लावलेलं होतं. फक्त डावरीच्या स्टुलावर ओल होती आणि टेबलावर तिच्या जागी एक टब भरलेला, सोललेल्या कोळंबीचा, नीट, एकही तुटलेली नाही. शेजारी सालांचा ढीग. सगळ्या बायका साल उजवीकडे टाकतात. हा ढीग टबाच्या डावीकडे होता.

मास्तरिणीने टोपी उचलली आणि ती जिना चढून वर गेली. भाकरीचे चार तुकडे खाल्ले. चव कसली होती ते नंतर कितीही आठवलं तरी आठवलं नाही. खाली आली तेव्हा तो टब वजनाला गेलेला होता आणि कुणी एका शब्दाने काही विचारलं नाही.

५

दुपारी ॲप्रन धुवायला नळापाशी दोघीच होत्या, ती आणि मावशी. मास्तरिणीने हळूच विषय काढला.

“मावशी, डावरी गेली त्या दिवशी तू खाली होतीस ना?”

“मी रोजच खाली असते.”

“तिला घ्यायला गाडी आली होती?”

मावशीने ॲप्रन पिळला. तिच्या हातात जोर उरला नव्हता, पिळूनही पाणी गळतच होतं. “गाडी आली की फाटक कसं वाजतं, माहितीये ना तुला? वर झोपलेल्यांनाही जाग येते.”

“हो.”

“तू ऐकलंस?”

मास्तरिणीने नाही म्हणून मान हलवली.

“मीपण नाही ऐकलं,” मावशी म्हणाली. “आदल्या दिवशी संध्याकाळी तिला बर्फखोलीत पाठवलं होतं, पेट्या लावायला. मी जेवायला वर गेले.” तिने ॲप्रन पुन्हा नळाखाली धरला. “पुढचं मला विचारू नकोस. मी पाहिलं नाही, आणि न पाहिलेलं मी बोलत नाही.”

“मग सकाळी आपल्या आधी अंगठा कोण लावतं, मावशी?”

“लावू दे की,” मावशी म्हणाली, आणि आवाज अगदी खाली आणून पुढे म्हणाली, “पोरी, चार महिने ती रोज सगळ्यांच्या आधी येते. मी कधी हूं का चूं केलं का? आपलं काय घेते ती? सोलतेच आहे ना बिचारी? तू तुझा अंगठा जप. रविवारी तुझा अंगठा जुळला पाहिजे, बाकी कशात मन घालू नकोस.”

मास्तरिणीने त्या दिवसापासून हात बर्फात कमीत कमी घालायचा प्रयत्न केला. पाणी सोसत नाही असं सांगून दोन-दोन हातमोजे घातले. वरच्या खोलीत अंगठ्याला तेल चोळलं, काखेत धरून ठेवला, रेषा उमटतात का म्हणून उजेडात धरून पाहिला. अंगठा उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत होता. आणि खाली, शेजारी, दर दोन-तीन कोळंब्यांमागे कोपर आपटतच होतं. शनिवारी तिच्या तोंडून हळूच निघून गेलं, “लिहायला हवा होता गं मी. चुकलंच माझं.”

आपटणं थांबलं. दिवसभर पुन्हा आपटलं नाही. आधी तिला हायसं वाटलं, आणि मग बाजू इतकी मोकळी वाटायला लागली, की तिने स्वतःच दोनदा कोपर पुढे करून पाहिलं.

६

रविवारी दहाला मुकादमाने तिला ऑफिसात बोलावलं.

बर्फखोलीच्या भिंतीला लागून असलेली ती खोली सदाची ओली. भिंतीला टेकून लोखंडी कपाट, टेबलावर छोटं मशीन, शेजारी मुकादमाचा झाकून ठेवलेला नाश्ता.

“सव्वीस ना? भरली तुझी दोन वर्षं. दे अंगठा, घे कागद, हो मोकळी.”

तिने कपाळ घासलं. अंगठा टेकवला आणि डोळे मिटून घेतले.

“एक्केचाळीस,” मशीन म्हणालं. “धन्यवाद.”

मुकादमाने वहीत पाहिलं. “एक्केचाळीस? तुझी तर कधीच भरलीत की. अजून इथे काय करतेस तू?”

“मी सव्वीस आहे.”

“मशीन एक्केचाळीस म्हणतंय.”

“मशीन चुकतंय. तुम्हाला सांगितलं होतं ना मी?”

“मग चुकायचं थांबेपर्यंत थांब,” तो शांतपणे म्हणाला. त्यात राग नव्हता, खोट काढणं नव्हतं. त्याचा नाश्ता गार होत होता, एवढंच. “सव्वीसचा अंगठा जुळला की सव्वीसला सोडतो. एक्केचाळीसचा जुळलाय, तिला आत्ता सोडतो. माझ्या हातात याहून जास्त काही नाही.”

त्याने कपाटातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत कागद होता, त्याला पोपडे आले होते. फोटोतला चेहरा ओलीने धुऊन गेला होता. कानांच्या मधे नुसता पांढरा डाग. कागद डावरीचा होता.

मास्तरिणीला एकदम कळलं, आणि गंमत म्हणजे ते तिला आधीपासून कळलेलं होतं. कागदाशिवाय इथून कुणी जात नाही. कागद इथे आहे. मग डावरी कुठे आहे, हे विचारायला हवं होतं. प्रश्न ओठांपर्यंत आला. तिथे तो असतानाच तिला उद्याचा सोमवार दिसला, शाळेचं फाटक, आणि मुलीने ज्यांना ज्यांना सांगून ठेवलं असेल ते सगळे.

“बोल लवकर. कोण तू?”

कागद कुणाचाही असो, फाटक उघडल्याशी कारण. घरी पोचलं की आपण आपल्याच आहोत. घरच्यांना काय अंगठा दाखवायचाय?

“एक्केचाळीस,” ती म्हणाली.

७

टोपी, मास्क, ॲप्रन तिने खुंटीला अडकवले, गमबूट खाली ठेवले. बाहेरच्या वाटेवर शेडची काच लागायची. खाली बघून चालायचं, असं तिने ठरवलं होतं. तरी तिने पाहिलं.

बर्फखोलीच्या दाराशी डावरीचं स्टूल रिकामं होतं. त्याच्या शेजारचं, म्हणजे मास्तरिणीचं स्वतःचं, रिकामं नव्हतं.

पाठमोरी कुणीतरी बसली होती. तीच टोपी, तसंच ॲप्रन. ॲप्रनमधून पाणी ठिबकत होतं. डावा हात चालत होता, सराईतपणे, जराही न थकता, आणि हाताचा रंग बर्फाखाली दोन दिवस राहिलेल्या मासळीचा होता. पलीकडच्या बाईचं लक्ष नव्हतं. समोर मावशी होती. तिने मास्कच्या वरून काचेकडे पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या मास्तरिणीकडे पाहिलं, आणि मग बर्फाचं घमेलं हळूच त्या दुसरीच्या पुढ्यात सरकवून मान खाली घातली.

त्या बाईने सोलणं थांबवलं. अंगठा कपाळावर नेला आणि सावकाश घासला. मग तिची मान वळायला लागली.

ती पूर्ण वळेपर्यंत मास्तरीण थांबली नाही. फाटकावर वॉचमनने कागद पाहिला, “बराच उशीर केलास गं, एक्केचाळीस,” म्हणाला आणि कुलूप काढलं. बाहेर ऊन होतं. अंगावर पडलेलं दिसत होतं, लागत नव्हतं.

८

रस्त्याच्या टोकाला बसचा थांबा होता आणि थांब्यासमोर चहाचं दुकान. बस यायला वेळ होता. दुकानातल्या बाईने तिच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि न मागताच चहाचा ग्लास पुढे केला. मास्तरिणीने तो दोन्ही तळव्यांत धरला.

“अहो, भाजेल! कडेला धरा.”

“नाही भाजत,” ती म्हणाली. “एक फोन करू का तुमच्या मोबाईलवरून? घरी सांगायचंय, निघाले म्हणून.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. नंबर तिला पाठ होता. दुसऱ्याच रिंगला मुलीने उचलला.

“हॅलो?”

“अगं, मी आई.”

मुलगी म्हणाली, “आईचा फोन आत्ताच येऊन गेला.”

मास्तरिणीला वाटलं, आपण हसावं. हसू आलं नाही. “काय म्हणाली?” तिने विचारलं, आणि हे विचारायला नको होतं हे तिला विचारता विचारताच समजलं.

“उद्या येत नाही म्हणाली. अजून थोडे दिवस लागतील म्हणाली.” मुलीचा आवाज रडून झाल्यावरचा होता. “तुम्ही कोण?”

तिच्या मुलीने जन्मात तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

“अगं सोन्या, मीच आहे. आवाज नाही का ओळखत तू माझा?”

“आईचा आवाज असा नाहीये.”

मागून आजी विचारत होती, कुणाचा गं फोन? “कुणी बाई आहेत,” मुलीने फोनवरून तोंड बाजूला करून सांगितलं. मग पुन्हा जवळ येऊन, शहाण्या मुलीसारखं अदबीने, “तुम्ही आईबरोबर काम करता का?”

मास्तरीण ग्लासातल्या चहाकडे बघत होती. तिला सांगायचं खूप होतं. तुझ्या डाव्या गुडघ्यावर खूण आहे, तुला अंधारात दाराकडे पाठ करून झोप येत नाही, तुला दूध आवडत नाही. यातलं सगळं त्या दुसरीनेही आज तीन मिनिटांत सांगितलं असेल का, हा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच बसून राहिला.

“हो,” ती म्हणाली. “मी तिच्या शेजारी बसायचे.”

“मग तिला सांगा ना, लवकर ये म्हणून. माझं ती ऐकत नाही.”

“सांगते,” मास्तरीण म्हणाली.

९

बस आली, थांबली. कंडक्टरने दोनदा विचारलं, येताय का? ती रस्त्याने उलटी निघालेली पाहून त्याने घंटी मारली.

फाटकाच्या खिडकीतून वॉचमनने डोकं बाहेर काढलं. “काय गं? काही राहिलं का आत?”

“सव्वीसला निरोप द्यायचाय.”

“दे. सांगतो मी.”

“तिच्या मुलीने सांगितलाय. मीच सांगेन तिला.”

“आता तुला आत नाही येता येणार. तुझं नाव निघालं इथून.”

“मग ती सुटेपर्यंत थांबते.”

वॉचमनला हसू आलं, पण तो माणूस कनवाळू होता, त्याने ते आवरलं. “अगं, इतकी वर्षं राहिलीस इथे. आतल्या बायका बाहेर येत नाहीत, माहीत नाही का तुला?”

“माहीत आहे,” मास्तरीण म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.